आत्याकडून आलेली जुनी छोटी गाडी: किलोमीटर कमी, पण रबर संपलेलं

आधीच सांगते, हा शोरूममधून आणलेल्या गाडीचा रिव्ह्यू नाही. आत्या गेली आणि तिची छोटी पेट्रोल हॅचबॅक माझ्याकडे आली. एक लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम, फ्युएल इंजेक्शन आहे पण पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते त्या काळातल्या जवळपास सगळ्याच छोट्या गाड्यांना लागू आहे आणि नाव टाकलं की सगळं लक्ष कंपनीकडे जातं. मला बोलायचंय ते गाडीच्या वयाबद्दल.

गाडी बघायला आलेला प्रत्येक जण आधी मीटरवरचा आकडा बघायचा आणि म्हणायचा, अगं ही तर चाललेलीच नाहीये, बॅटरी टाक आणि पळव. ऐकायला फार बरं वाटतं, पण किलोमीटर म्हणजे चाकं किती फिरली एवढाच हिशोब असतो, गाडी नुसती उभी असली तरी तिचं वय वाढतच असतं. लोखंड टिकतं, अ‍ॅल्युमिनियम टिकतं, काच टिकते. रबर टिकत नाही. उष्णता, तेलाचा ओलावा आणि हवेतला ओझोन यांनी ते आतून कडक होत जातं आणि मग वाकवलं की चिरतं. आणि छोट्या गाडीत रबर कुठे कुठे असतं बघा, टायमिंग बेल्ट, अल्टरनेटरचा बेल्ट, रेडिएटरचे पाईप, व्हॅक्यूमचे बारीक पाईप, ब्रेकचे लवचिक पाईप, व्हील सिलिंडरमधले (चाकात ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) वॉशर, पेट्रोलचे पाईप, इंजिनाचे माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, एक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट, सगळी ऑइल सील, दारांची सील, वायपर, आणि अर्थात टायर. यातली बरीचशी यादी एकतर गाडी चालवण्याशी संबंधित आहे नाहीतर थांबवण्याशी. म्हणून माझ्या मते वारशात आलेल्या कमी चाललेल्या गाडीचा खरा खर्च इंजिनात नसतो, या काळ्या मऊ वस्तूंमध्ये असतो, आणि त्या एकदा बदलल्या की तुमच्या हातात खरोखर चांगली गाडी येते. पाचपैकी चार देते मी. एक का कापला ते पुढे येईल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. नाव बदलणं आणि विमा या दोन गोष्टी पहिला पाना लावायच्या आधी सुरू करा. नियम जिथले तिथले वेगळे असतात, पण गेलेल्या माणसाच्या नावावर असलेली गाडी रस्त्यावर काढणं कुठेच शहाणपणाचं नाही.

खरा खजिना मात्र डॅशबोर्डच्या खणात होता. आत्याची वही. साधी लांबट वही, कव्हरला तेलाचा अंगठा उठलेला, आणि आत प्रत्येक सर्व्हिसची तारीख, मीटर, काय बदललं, कोणत्या ग्रेडचं ऑइल टाकलं, सगळं तिच्या त्या उभ्या बारीक अक्षरात. मधे मधे शेरे पण आहेत. "गार असताना डावीकडून कुईं आवाज, गरम झाल्यावर बंद." "रिव्हर्स पडताना जरा थांबून टाकणे." "मागचा डावा ब्रेक धरतो." मेकॅनिकने ती वही वाचली आणि बॉनेट उघडायच्या आधीच निम्मी कामं एका कागदावर काढली. कुईं म्हणजे अल्टरनेटरचा बेल्ट, ब्रेक धरतो म्हणजे व्हील सिलिंडर नाहीतर हँडब्रेकची केबल. गाडी कोणाची तरी घेत असाल, घरातली असली तरी, बिलं, स्टिकर, वही, इंजिनपाशी बांधलेला ऑइल चेंजचा टॅग, काय मिळेल ते गोळा करा. मला त्या वहीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही दिसली की टायमिंग बेल्टची नोंद किलोमीटरच्या हिशोबात अगदी व्यवस्थित होती, पण त्या नोंदीनंतर इतकी वर्षं गेली होती की किलोमीटरला काही अर्थच उरला नव्हता. कंपन्या बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे देतात आणि त्यातलं जे आधी पूर्ण होईल ते धरायचं असतं. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात.

आता सुरुवातीचं काम. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी लावून लगेच चावी फिरवायची, हे करू नका. इंजिन बंद असताना सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल हळूहळू खाली उतरतं आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या राहतात. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) पुलीच्या नटवर पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, ज्या दिशेने ते चालू असताना फिरतं त्याच दिशेने. कुठे अडकलं नाही. मग जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवीन ऑइल भरलं आणि प्लग न लावता, इग्निशन आणि इंजेक्टरची कनेक्शन काढून, फक्त स्टार्टर मारला, डॅशवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. तेवढ्यात ऑइल वरपर्यंत पोचतं. नंतर प्लग लावून खरा स्टार्ट.

पेट्रोल टाकीतून आधीच काढलं होतं. जुन्या पेट्रोलमधला हलका, पटकन पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर इंजेक्टरमध्ये बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते हवेतलं पाणी पण ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, म्हणजे नेमकं पंप जिथून खेचतो तिथेच. आमच्या टाकीतून निघालेल्या पेट्रोलला पेट्रोलचा वासच नव्हता, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबट वास येत होता. बॅटरी तर मेलेलीच होती. बॅटरीबद्दल इतकंच की गाडी बंद असताना मीटर लावून १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर ती भरलेली, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी, आणि बॅटरी बराच काळ रिकामी पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचा कडक थर धरतो, मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही.

इंजिन सुरू झालं, पण आयडलला, म्हणजे पाय न देता नुसतं चालू ठेवल्यावर, आरपीएमची सुई वर खाली नाचत होती आणि मधेच मिस मारत होती. इथे मला दोन गॅरेजचा अनुभव आला आणि तो सविस्तर लिहिते कारण जुन्या गाडीत पैसा इथेच वाया जातो. पहिल्या मोठ्या चकचकीत गॅरेजमध्ये गाडीचं वय विचारलं, आवाज ऐकला आणि सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, रिंगा गेल्यात. काही मोजलं नाही. मी विचारलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, बघितलं का, तर उत्तर आलं की मॅडम एवढ्या जुन्या गाडीत बघायचं काय असतं. मी गाडी परत आणली.

दुसरे मेकॅनिक वयाने मोठे, स्वतःचं छोटं गॅरेज, आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती कॉम्प्रेशन टेस्ट. प्लग काढून त्या जागी गेज लावायचा, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवायचा आणि स्टार्टर मारायचा. चारही सिलिंडर ११ ते १२ बारच्या मधे आले. पेट्रोल इंजिनाला हे छान आहे, आणि नुसत्या आकड्यापेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत हे जास्त महत्त्वाचं. एखादा खूपच खाली आला असता तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं, प्रेशर वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील). एवढी साधी टेस्ट आहे आणि थोड्या वेळात होते, ती केल्याशिवाय कोणी इंजिन खोलायचं नाव काढलं तर गाडी घेऊन सरळ बाहेर पडा.

"ताई, इंजिन ठणठणीत आहे, ही हवा खातेय कुठेतरी," काका म्हणाले आणि चालू इंजिनावर एकेक व्हॅक्यूम पाईप बोटांनी हलवत गेले. इनटेक मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणारी नळी) ब्रेक बूस्टरकडे, म्हणजे व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे, जाणारा जाड पाईप असतो ना, त्याच्या वळणावर, खालच्या बाजूला जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे चीर होती. काकांनी तो पाईप पक्कडीत फडकं धरून मॅनिफोल्डच्या तोंडापाशी दाबला आणि नाचणारी सुई एका जागी उभी राहिली. सोडला, परत नाचायला लागली. परत दाबला, परत शांत. मला त्या क्षणी सगळं प्रकरण समजलं. त्या चिरेतून न मोजलेली हवा आत जात होती, मिश्रण पातळ होत होतं, म्हणून आयडल बिघडत होतं. आणि तोच पाईप ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम देतो, म्हणजे उद्या तो पूर्ण फाटला असता तर ब्रेक पॅडल दगडासारखं कडक झालं असतं. ज्या दुखण्याला रिंगा म्हणून सांगितलं होतं ते वीतभर रबरी पाईपचं निघालं. तो बदलला, बाकीचे बारीक व्हॅक्यूम पाईप पण सगळे बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग नवीन टाकले, आयडल एकदम ताळ्यावर.

गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाड वाचायची जागा) असेल तर एक छोटा स्कॅनर घेऊन ठेवा, मोबाइलला जोडता येतो. अमेरिकेत १९९६ पासून नवीन गाड्यांना ओबीडी दोन बंधनकारक झालं आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ते सापडतं. पी ०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर मिस मारतोय, पी ०३०१ म्हणजे पहिला, असं ते सांगतं. पण का मारतोय ते सांगत नाही, त्यासाठी काकांची बोटंच लागतात.

टायमिंग बेल्ट. यावर तडजोड नाही. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक फेरा व्हायला हवा, ना दात मागे ना पुढे, आणि हे गणित ज्या इंजिनात साखळी नसते तिथे एका रबरी दातेरी पट्ट्याच्या जिवावर चाललेलं असतं. आधी हे काम गिअर किंवा साखळी करायची, मग १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास (Glas) या कार कंपनीने १००४ या छोट्या गाडीत दातेरी बेल्ट लावला आणि तिथून तो हळूहळू सगळीकडे पसरला, कारण तो हलका, शांत आणि स्वस्त आहे. पण तो तुटायच्या आधी सहसा काही सांगत नाही. आणि इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं असेल, म्हणजे पिस्टन आणि उघडे व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येत असतील, तर बेल्ट तुटल्या क्षणी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग मात्र खरंच हेड खोलावं लागतं. आमचा जुना बेल्ट बाहेरून धडधाकट दिसत होता. काढून उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा, एका ओळीत, प्रत्येक दाताला. तो मी फेकला नाही, ज्यांना वाटतं की गाडी चालली नाही म्हणजे बेल्ट नवा आहे त्यांना दाखवायला ठेवलाय.

बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोसुद्धा, शिवाय कॅम आणि क्रँकची पुढची ऑइल सील, सगळं एकदम बदला. कारण पार्टपेक्षा तिथपर्यंत पोचायची मजुरी जास्त असते. आणि पोचायला त्रास का होतो यामागे एक इतिहास आहे जो मला फार आवडतो. अ‍ॅलेक इसिगोनिस या इंजिनिअरने १९५९ च्या मिनी या छोट्या गाडीत इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली ऑइल संपमध्येच (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) घातला, म्हणजे एवढ्याशा गाडीत चार माणसांना जागा मिळाली. पुढे दान्ते जाकोसा या इटालियन इंजिनिअरने ऑटोबियांकी प्रिमुला या १९६४ च्या गाडीत गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या शेजारी एका टोकाला लावला, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच मांडणीच्या आहेत. आपल्याला बसायला जी ऐसपैस जागा मिळते ती मेकॅनिकच्या हाताच्या जागेतून काढलेली असते! बेल्टची बाजू फेंडरला चिकटलेली, मधे जेमतेम हात जाईल एवढी फट, इंजिन खालून जॅकवर तोलून धरायचं, त्या बाजूचं माउंटिंग सोडायचं, मग बेल्ट बाहेर येतो. माउंटिंग सोडलंच आहे तर तेही नवीन घाला, त्यातलं रबर बसलेलं असतं. आमच्या गाडीत माउंटिंग बदलल्यावर आयडलला स्टिअरिंगमध्ये येणारी जी थरथर होती ती गेली, मला वाटायचं एवढ्या छोट्या इंजिनाची ती सवयच असेल.

ब्रेकबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रही आहे, आणि खरं तर क्रमाने ते पहिलं काम आहे. गाडी चालू होण्याआधी थांबली पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, हा त्याचा स्वभावच आहे, डबा बंद असला तरी वर्षानुवर्षं पाईपमधून, सीलमधून पाणी आत येतच राहतं. डॉट ४ या ग्रेडचं नवीन ब्रेक ऑइल निदान २३० डिग्रीपर्यंत उकळायला नको, आणि त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते, डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की कॅलिपर तेवढे तापू शकतात, ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पॅडल फरशीपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं. आमच्या डब्यातलं काळ्या चहाच्या रंगाचं होतं. आणि डॉट ५ सिलिकॉनचं असतं, नंबर मोठा म्हणून ते चांगलं असं समजून या गाड्यांत घालू नका, दोन्ही मिसळत नाहीत.

आत्याच्या वहीतला तो "मागचा डावा ब्रेक धरतो" हा शेरा ड्रम उघडल्यावर समजला. व्हील सिलिंडरमधून ऑइल पाझरून ब्रेक शूवर (ड्रमवर आतून घासणारी पट्टी) आलेलं, आणि हँडब्रेकची केबल तिच्या नळीत गंजून अडकलेली. दोन्ही बाजूंचे सिलिंडर, शू आणि केबल बदलली. एक बाजू बदलून दुसरी जुनी ठेवायची नाही, गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढते. पुढे चारचौघांना माहीत नसलेली एक गोष्ट होती, लवचिक ब्रेक पाईप. ते बाहेरून चांगले असतात पण आतून फुगतात आणि आतली वाट इतकी बारीक होते की पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं आणि पाय काढल्यावर परत येत नाही. मग चाक तापतं, लोक कॅलिपर बदलतात, तरी तेच. चारचे चार नवीन टाकले, एअर काढली, आता पॅडल वरच्या वर आणि घट्ट. ड्रम साफ करताना हवेच्या प्रेशरने धूळ उडवू नका, जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा. आणि गाडी बराच काळ उभी करणार असाल तर हँडब्रेक लावून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावा.

टायरला भरपूर नक्षी होती. सगळे बदलले. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे १६१२ असेल तर २०१२ चा सोळावा आठवडा. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढा. स्टेपनीसुद्धा यात येते, ती तर कोणी बघतच नाही.

कूलिंगचं काम सोपं पण चिकाटीचं. पाईप बोटांनी दाबून बघा, टोकाशी मऊ भेंडाळलेला किंवा एकदम कडक झालेला असेल तर गेला. थर्मोस्टॅट, रेडिएटर कॅप आणि पाईप एकदम बदला, मग सगळं जुनं पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. नुसतं नळाचं पाणी भरत राहणं ही जुन्या गाड्यांना लागलेली सगळ्यात वाईट सवय आहे, गंज आणि क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या बुजतात आणि मग गाडी तापली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. कॅपलाही कमी लेखू नका, ती प्रेशर धरून ठेवते म्हणूनच पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. आणि त्याच कारणामुळे गरम इंजिनावर ती कधीही उघडायची नाही.

सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि पुढच्या शॉकॉबच्या (शॉक अब्सॉर्बर) वरचं माउंटिंग बदललं. पुढची स्प्रिंग दाबून काढायचं काम घरी करू नका, त्या दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते. एक्सलचे बूट फाटले होते पण जॉइंट वाचले, कारण ग्रीस अजून आत होतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट असा आवाज आला तर बाहेरचा जॉइंट गेलाय असं समजा, नुसता बूट बदलून उपयोग नाही. घरी चाकाखाली जायची वेळ आली तर गाडी फक्त जॅकवर ठेवून जाऊ नका, स्टँड लावा, एवढं एक माझं ऐकाच.

गंज बघायला कार्पेट उचला, दाराखालची पत्र्याची कड, जॅक लावायच्या जागा, आणि शॉकॉब जिथे बॉडीला वरून बसतो ती जागा. वरवरचा गंज घासून प्रायमर मारता येतो. पण त्या शेवटच्या जागी पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल तर मी ती गाडी कितीही मायेची असली तरी चालवणार नाही, कारण तिथे चाक बॉडीला धरलेलं असतं.

पार्टबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जुन्या मॉडेलचा ओरिजिनल पार्ट बंद पाकिटात मिळाला की आपल्याला आनंद होतो, पण पाकिटातलं रबर पण तेवढंच जुनं असतं. लोखंडी पार्ट वर्षानुवर्षं पडून असला तरी घ्या, रबरी पार्ट मात्र पाकिटावरची तारीख बघून आणि हाताने वाकवून घ्या, त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा ताजा पार्ट परवडतो. बदललेले जुने पार्ट मेकॅनिककडून मागून घ्यायचे, चांगला मेकॅनिक स्वतःच दाखवतो. आमचे काका प्रत्येक जुना पाईप माझ्यासमोर वाकवून दाखवायचे आणि मग डब्यात टाकायचे.

आणि आता चालवायला कशी आहे. मस्त आहे! हलकी गाडी, अरुंद टायर, चालताना स्टिअरिंग बिनापॉवरचं असूनही जड नाही आणि रस्ता हाताला कळतो, कुठे ओलं आहे, कुठे खडी आहे, सगळं. पार्किंगला मात्र दंड भरून येतात, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं नाही, जराशी सरकू द्यायची आणि मग वळवायची, हे अंगवळणी पडलं की त्रास संपतो. खांब बारीक आणि काचा मोठ्या, त्यामुळे चौकात आडवा येणारा माणूस काचेतच दिसतो, खांबामागे लपत नाही, नवीन गाड्यांत हे सुख गेलंय. पिकअप खालच्या गिअरमध्ये चांगला, ओव्हरटेकला आधीच विचार करावा लागतो. रिव्हर्स टाकताना आत्याने लिहिल्याप्रमाणे जरा थांबायचं, क्लच पूर्ण दाबून क्षणभर, मग आवाज न करता पडतो, कारण या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअरचे वेग आधी जुळवणारा भाग) नाही, तो दोष नाही. आवाज आत भरपूर येतो. हेडलाइट आधी पिवळे आणि मंद होते, बल्ब बदलून फरक पडला नाही, बॅटरीकडून वेगळी रिले (दिव्यांसाठीचा इलेक्ट्रिक स्विच) आणि जाड वायर दिल्यावर पडला, कारण जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरमधून जाताना मधेच व्होल्टेज पडत होतं.

कापलेला तो एक मार्क सुरक्षेचा. ब्रेक कितीही नवे केले तरी एबीएस येत नाही, चाक लॉक होईल एवढा पाय द्यायचा नाही, लॉक झालं तर क्षणभर सैल करून परत दाबायचं, हे डोक्यात पक्कं लागतं. एअरबॅग नाही, मागे मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा, लहान मुलाच्या सीटला आयसोफिक्सचे हुक नाहीत. हे दुरुस्तीने भरून निघत नाही. म्हणून मी ही गाडी शहरात, जवळच्या अंतराला, दिवसा वापरते. घरात लहान मूल असेल आणि ही एकच गाडी असणार असेल, तर मी सांगेन की तिच्यावर जीव असला तरी वेगळी घ्या. दुसरी गाडी म्हणून, किंवा एकट्या दुकट्या माणसाला, किंवा ज्याला गाडी आतून समजून घ्यायचीये त्याला, यापेक्षा चांगली वस्तू वारशात मिळणं कठीण.

बाकी राहिलंय ते क्लचचं काम. पॅडल वर आल्यावर धरते, म्हणजे प्लेट शेवटाला आलीये, अजून घसरत नाही. चौथ्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढून वेग वाढला नाही की समजायचं वेळ आली. तेव्हा गिअरबॉक्स उतरेलच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगबरोबर क्रँकचं मागचं ऑइल सील पण घालून घ्यायचंय, ते अजून गळत नाहीये, पण काकांनी ते आणून ठेवलंय, या वर्षीच्या तारखेचं.